पार्ट येणार आहे

(मंडळाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आपण होळकरांचा इतिहास ऐकला, नाट्यसंगीत ऐकले, ज्ञानेश्वरीवरची प्रवचने ऐकली. आज आम्ही बोलणार आहोत फ्रिजवर. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा त्यांनाही हसू आले. पण मग ते म्हणाले, "बोलाच. आमचे वॉशिंग मशीन सव्वा महिना झाला, उघडे पडले आहे." म्हणजे विषय आमच्या एका घरचा नाही. आत्ता या सभागृहात ज्यांच्या घरी काही ना काही बंद पडून आहे आणि "पार्ट येणार आहे" असे सांगितले गेले आहे, त्यांनी हात वर करा म्हटले तर मोजायला वेळ लागेल.

आमची गोष्ट मागच्या वर्षीच्या मे महिन्यातली. इंदूरचा मे तुम्हाला सांगायला नको. पारा चाळिशीच्या वर, दुपारी रस्ते ओस. अशा दिवसांत आमचा फ्रिज बंद पडला. तीन वर्षांपूर्वी घेतलेला, दोन दारांचा, इन्व्हर्टरवाला. बंद पडला म्हणजे कसा? आतला दिवा लागत होता. दार उघडले की उजेड. त्यामुळे पहिले दीड दिवस आम्हाला कळलेच नाही. दूध नासले तेव्हा आम्ही दुधवाल्याला बोललो. दुसऱ्या दिवशी दहीही आंबट ढाण झाले, आणि मग कोणीतरी बर्फाच्या कप्प्यात हात घातला. पाणी होते.

आमच्या घरी आई आहेत. वय चौऱ्याहत्तर. बारा वर्षांपासून मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन. महिन्याभराचा साठा फ्रिजच्या दारात असतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. एकदा उघडलेली बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण ते बाहेर म्हणजे पंचवीस-तीस अंशांचे बाहेर. मे महिन्यातले आमचे स्वयंपाकघर नव्हे. आणि बंद फ्रिज म्हणजे तर नुसते बंद कपाट. आम्ही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. स्वच्छ होत्या. वाया कशाला घालवायच्या म्हणून त्याच चालू ठेवल्या. चूक आमचीच, आणि ती इथे सांगायला लाज वाटते आहे, पण सांगायलाच हवी. बिघडलेले इन्सुलिन दिसायला अगदी नेहमीसारखे असू शकते. चार-पाच दिवसांत आईंची साखर कधी नव्हे इतकी वर गेली. ग्लानी, सारखी तहान. डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पथ्याबद्दल विचारले नाही, गोळ्यांबद्दल विचारले नाही. पहिला प्रश्न होता, "घरचा फ्रिज चालू आहे ना?"

नव्या बाटल्या आल्या, त्या समोरच्या काकूंच्या फ्रिजमध्ये ठेवल्या, आई सावरल्या. पण त्या प्रश्नापासून फ्रिजची दुरुस्ती ही आमच्या घरी नुसती गैरसोयीची बाब राहिली नाही.

आता दुरुस्तीचा प्रवास ऐका. पहिल्या दिवशी तक्रार नोंदवली, लांबलचक नंबर मिळाला. चौथ्या दिवशी मुलगा आला. मागचे झाकण उघडून म्हणाला, "पीसीबी उड गया." कार्ड जळले होते. साडेचार हजार खर्च, पैसे आधी, मग पार्ट मागवणार. आम्ही दारावरच्या स्टिकरकडे बोट दाखवले. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते, १० वर्षे वॉरंटी. तो म्हणाला, "वह कंप्रेसर की है." आणि खरेच, खाली बारीक अक्षरांत तसे लिहिलेले होते. पूर्ण फ्रिजची वॉरंटी एकच वर्ष. दहा वर्षे ती फक्त कंप्रेसरची, आणि कंप्रेसर तर ठणठणीत होता. त्याला चालवणारे कार्ड गेले होते.

मग सुरू झाले ते वाक्य. पार्ट येणार आहे. रोज फोन करायचा, रोज नवा आवाज, रोज पहिल्यापासून सगळे सांगायचे आणि शेवटी "असुविधा के लिए खेद है". नवव्या दिवशी मोबाइलवर निरोप आला की आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. आम्ही धावत फ्रिजपाशी गेलो. तो होता तसाच, दिवा लावून उभा. चौकशी केली तर कळले की कॉल 'क्लोज' झाला आहे. पुन्हा तक्रार, पुन्हा नवा नंबर. चौदाव्या दिवशी पार्ट आला. मुलाने खोका उघडला आणि तसाच बंद केला. मॉडेल नंबरच्या शेवटचे एक अक्षर वेगळे होते. तेविसाव्या दिवशी योग्य कार्ड आले. ते बसवायला वीस मिनिटे लागली.

तेवीस दिवस वाट आणि वीस मिनिटे काम. दुसऱ्या दिवशी फोन आला, "आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?"

मित्रहो, त्या तेवीस दिवसांत आम्ही पुष्कळ संतापलो. पण राग कोणावर काढला? त्या मुलावर. तिसऱ्या खेपेला, चुकीचा पार्ट घेऊन तो आला तेव्हा, आम्ही त्याला दारातच नको नको ते बोललो. तो काही बोलला नाही. मग आईंनी आतून त्याला पाणी द्यायला सांगितले. पाणी पिऊन तो म्हणाला, "अंकल, कॉल बंद होती है तब पैसा मिलता है. पार्ट मेरे हाथ में नहीं है." पेट्रोल त्याचे, मोबाइल त्याचा, दुपारचे ऊन त्याचे. कॉल उघडा राहिला तर बोलणी त्यालाच. गोदामात काय आहे हे त्याला आमच्याइतकेच ठाऊक. ज्याच्या हातात पार्ट होता तो आमच्या दारात कधी आलाच नाही, आणि जो आला त्याच्या हातात काही नव्हते. आम्ही त्याची क्षमा मागितली. बरोबर माणसावर रागावता येणे हे या सगळ्या व्यवहारात सर्वांत अवघड आहे.

इथे आमच्या वडिलांच्या वेळच्या फ्रिजची आठवण निघणारच. एका दाराचा, बावीस वर्षे चालला. बिघडला की रामबागेकडचे मिस्त्रीकाका सायकलवरून यायचे. कधी रिले जायचा, कधी थर्मोस्टॅट, कधी दाराचे रबर. काका महाराणी रोडवर जाऊन पार्ट आणायचे आणि संध्याकाळी फ्रिज घरघरायला लागायचा. रिले सगळ्यांना चालेल असाच मिळायचा. कंपनी कोणती हे कोणी विचारत नसे.

पण जुने ते सगळे सोने, असे म्हणायला आम्ही उभे नाही. तो फ्रिज वीज खायचा. दर पंधरवड्याला बर्फ खरवडावा लागायचा. त्या काळच्या फ्रिजमधला वायू वातावरणातल्या ओझोनला घातक होता, म्हणून जगाने तो बंद केला. नवा इन्व्हर्टर फ्रिज खरोखर हुशार आहे. जुना कंप्रेसर एक तर पूर्ण वेगाने चालायचा नाही तर बंद व्हायचा. नवा गरजेप्रमाणे हळू-जलद चालतो. घरातल्या विजेचे आधी एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहात रूपांतर करायचे आणि मग हवा तसा कमी-जास्त वेग कंप्रेसरला द्यायचा, हे काम ते कार्ड करते. विजेची बचत तिथेच होते. पण ते कार्ड नाजूक. व्होल्टेज वरखाली झाले, पावसाळ्यात ओल धरली, मागून पाल शिरली की संपले. आणि मॉडेलगणिक कार्ड वेगळे. दरवर्षी नवी मॉडेले निघतात, त्या प्रत्येकाची कार्डे प्रत्येक गावात कोण ठेवणार? म्हणून ती दूरच्या गोदामात असतात आणि मागणी गेली की निघतात. एका अक्षराची चूक झाली की दोन आठवडे गेले.

फ्रिजमधला वायूही बदलला आहे. आजच्या पुष्कळ घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो. तो ओझोनला त्रास देत नाही, पण पेट घेतो. त्यामुळे जुन्या पद्धतीने, गॅसबत्ती पेटवून नळी जोडायला बसलेला कारागीर स्वतःचा आणि आपला जीव धोक्यात घालतो. म्हणजे मिस्त्रीकाकांना नवे शिकवायला हवे होते. ते कोणी शिकवले नाही. आम्हीही 'ऑथराइज्ड' हवा म्हणून त्यांना बोलावणे सोडले. काकांनी दुकान बंद केले. त्यांचा मुलगा आता पार्सले पोचवतो. आमच्या गल्लीतला दुरुस्तीचा हात गेला त्यात आमचाही वाटा आहे.

आणि दुकानात फ्रिज घेताना आम्ही काय विचारले होते? किंमत, रंग, तारे किती, हप्ता किती, एक्सचेंजमध्ये जुन्याचे किती. सेवाकेंद्र गावात आहे का, कार्डाला वॉरंटी आहे का, पार्ट यायला किती दिवस लागतात, यातले एकही विचारले नाही. मुलीचे स्थळ पाहताना आपण सात पिढ्या विचारतो. पंधरा वर्षे घरात राहणाऱ्या यंत्राचे माहेर कुठे हे विचारत नाही.

मग करायचे काय? आम्ही ठेच लागून शिकलो ते सांगतो.

घेतानाच तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे बिलावर लिहून मागा. कोणत्या भागाला किती वर्षे वॉरंटी, त्यात मजुरी धरली आहे का, आणि सेवाकेंद्र कुठे. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू द्या. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की अकराव्याला तो आपणहून सांगेल.

दुसरे, यंत्र घरी आल्या दिवशीच बिलाचा आणि मॉडेल नंबरच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा. नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत दिसला पाहिजे. त्या एका अक्षरापायी आमचे नऊ दिवस गेले. दुकानाच्या बिलाची शाई वर्षभरात उडून जाते, म्हणून फोटो हवाच.

तिसरे, काम पूर्ण झाल्याशिवाय ओटीपी देऊ नका. "सिर्फ विजिट का है" म्हणून मागतात. तो नेमका कशाचा आहे हे निरोपात वाचूनच द्या. पैसे दिले की पावती घ्या आणि तारीख पाहा.

चौथे, फोनवर भांडू नका, लिहा. फोनवरचे शब्द हवेत जातात. तक्रार नंबर, तारखा, कोण आले, काय म्हणाले, हे चार ओळींत लिहून ईमेल करा. पुढे हेच कामाला येते.

आणि पाचवे, आपला हक्क माहीत असू द्या. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा ग्राहकाला स्वतंत्र कायदा नव्हता. तो १९८६ साली झाला. २४ डिसेंबरला त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. पुढे २०१९ चा नवा कायदा आला आणि २०२० च्या जुलैपासून लागू झाला. त्यात आपल्यासारख्यांच्या सोयीची एक गोष्ट आहे. कंपनीचे कार्यालय मुंबईत असो की दिल्लीत, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लागतोच असे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचे. पैसे घेऊन दुरुस्ती अकारण लांबवणे ही सेवेतली त्रुटी म्हणून तिथे मांडता येते. तीन महिन्यांत निकाल लागावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हेही सांगून ठेवतो.

त्याआधीची पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथे मराठीतही बोलता येते. आपण तीन-चार पिढ्या इथे हिंदीत भांडत आलो आहोत, आणि झकास भांडतो, पण आईंसारख्यांना आपल्या भाषेत गाऱ्हाणे सांगता येते हे लक्षात असू द्या. आम्ही पंधराव्या दिवशी तिथे तक्रार केली. पार्ट तेविसाव्या दिवशी आला. तक्रारीमुळे आला की यायचा तेव्हा आपणहून आला, हे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्या दिवसानंतर पहिल्यांदा कंपनीकडून आम्हाला फोन आला. त्याआधी प्रत्येक फोन आमचाच होता.

युरोपात आता नियम आहे की धुलाईयंत्राचे मुख्य सुटे भाग दहा वर्षे आणि फ्रिजचे सात वर्षे मिळालेच पाहिजेत, आणि मागणी केल्यापासून कामाच्या पंधरा दिवसांत पोचले पाहिजेत. हे मार्च २०२१ पासून लागू आहे. फ्रान्समध्ये त्याच वर्षापासून काही वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी याचे दहापैकी गुण छापतात. तिथे कंपनीला गुण मिळतात. आपल्याकडे कंपनीच आपल्याला गुण मागते! आपल्या सरकारनेही २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या ग्राहक दिनी त्यासाठी पोर्टल सुरू केले. कंपन्यांच्या सेवाकेंद्रांची आणि सुट्या भागांची माहिती तिथे एकत्र मिळावी असा हेतू आहे. सुरुवात चांगली आहे. पण माहिती देणे वेगळे आणि पंधरा दिवसांचे बंधन घालणे वेगळे. ते बंधन हवे असेल तर ते आपल्यालाच मागावे लागेल.

आपले इंदूर स्वच्छतेत देशात पुन्हा पुन्हा पहिले येते. ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सगळे वेगळे करून गाडीत टाकायला आपण शिकलो. आधी कोणाला वाटले होते की हे जमेल? पण एका कार्डासाठी दाराशी नेलेला धडधाकट फ्रिज भंगारात गेला, तर तो कितीही नीट वेगळा करून दिला तरी कचराच. "दुरुस्तीत पैसे घालू नका, नवा घ्या," असे आम्हालाही दोघातिघांनी सुचवले. साडेचार हजार भरून आम्ही जुनाच ठेवला. आज तो चालू आहे.

शेवटी मंडळापुढे दोन सूचना ठेवतो आणि खाली बसतो.

पहिली, मंडळाच्या कार्यालयात एक दुरुस्तीची वही असावी. ज्याला ज्या कारागिराचा चांगला अनुभव आला त्याने त्याच्या संमतीने त्याचे नाव, काम आणि फोन त्यात लिहावा. मिक्सरची वायंडिंग करणारे, गीझरचे, शिलाई मशीनचे, पंख्याचे. नव्या फ्रिजचे काम शिकलेला एखादा तरुण असेल तर त्याचे नाव सर्वांत आधी. तो टिकला तर आपण टिकू. त्याच वहीच्या मागच्या पानांवर कोणत्या वस्तूचा पार्ट किती दिवसांनी आला तेही लिहावे. नवे काही घेण्याआधी ती पाने चाळली तर जाहिरातीपेक्षा जास्त कळेल.

दुसरी सूचना आईंची आहे. त्या म्हणाल्या, "कायदा वगैरे तुम्ही बघा, पण ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांची यादी करा, आणि प्रत्येकाचे एक शेजारघर ठरवून ठेवा. फ्रिज बंद पडला की औषध कोणाकडे न्यायचे हे त्या दिवशी शोधत बसायला नको." समोरच्या काकूंनी आमच्या बाटल्या वीस दिवस सांभाळल्या. बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवायच्या नाहीत, गोठल्या तर त्याही फुकट, हे त्यांना एकदा सांगितले तर त्यांनी दारातली आपली लोणच्याची बरणी काढून तिथे जागा केली. दिवसातून दोनदा आम्ही त्यांच्या दारात. एकदाही कपाळाला आठी नाही. त्यांना कोणी गुण विचारले नाहीत. आज त्या इथे पुढच्याच रांगेत बसल्या आहेत, म्हणून सर्वांदेखत सांगतो: काकू, दहापैकी दहा.

गणपती पुढच्या महिन्यात येत आहेत. घरोघरी मिक्सर, फ्रिज, गीझर सगळे कामाला लागतील. ज्यांचे काही कुरकुरते आहे त्यांनी आजच दाखवून घ्या, कारण पार्ट यायला किती दिवस लागतात ते आता तुम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडे पुरणयंत्र मात्र आजीच्या वेळचे आहे. त्याला कार्ड नाही, वॉरंटी नाही आणि ते कधी बंदही पडलेले नाही. ज्याला हवे त्याने खुशाल घेऊन जावे, फक्त गौरीजेवणाच्या आदल्या दिवशी परत आणून द्यावे.



गणपती बाप्पा मोरया!